रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर, सेकंड क्लास

३ एप्रिल १९५५, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. नानासाहेब कॉन्ट्रॅक्टर लिहितात, मग आपण का नाही. त्यांची डायरी कातडी पुठ्ठ्याची आहे. माझी साधी वही. पण मजकूर वजनदार ठेवायचा.

कारण तसंच आहे. काल पिंपरीच्या साइटवर नानासाहेबांनी सगळ्या मुकादमांना बोलावून सांगितलं की नियम बदलला. सरकारी गवंडीकाम आता ज्याचं नाव कचेरीत रजिस्टर आहे त्यालाच मिळणार. नाव नसेल तर टेंडर भरता येणार नाही आणि सिमेंटचं परमिटही नाही. क्लास तीन. फर्स्ट क्लास नानासाहेबांसारख्यांचा. थर्ड क्लास किरकोळ लोकांचा. मधला सेकंड.

बाकीच्या मुकादमांची तोंडं उतरली. मी मनात हसलो. उद्धव शिनगारे जन्मभर दुसऱ्याची मुकादमकी करायला बार्शीहून आलेला नाही.

निश्चय: सेकंड क्लास. थर्डचा अर्ज म्हणजे आपणहून खाली बसणं. शिवाय तंबाखू बंद. रोज पाच इंग्रजी शब्द पाठ.

३ एप्रिल, संध्याकाळी
तंबाखू उद्यापासून. घरात होती ती टाकून देणं बरोबर वाटलं नाही.

५ एप्रिल
गेनबाला सांगितलं. गेनबा म्हणजे माझा गवंडी. मोशीचा. लढाईच्या काळात देहूरोडला लष्कराच्या बराकी चालल्या होत्या, तिथली आमची जोडी. मी नवा होतो. त्याने मला थापी धरायला शिकवली, मी त्याला चार लोकांत बोलायला शिकवलं. तो अजून शिकतोय. पहिला पावसाळा मी त्याच्या गोठ्याच्या पडवीत काढला, त्याच्या बायकोच्या, सगुणाबाईच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. ते सगळं मी विसरलेलो नाही. आता तो बांधतो, मी बोलतो. कामं मी आणतो. येईल त्याची वाटणी निम्मी.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं की नाव दोघांचं लागेल का. मी म्हणालो, अर्थात. तसं म्हणायला काय जातं. बिचारा खूश झाला. घमेलं उचलायला स्वतः गेला.

१४ एप्रिल
पुण्याची कचेरी. हेडक्लार्क आबाजी म्हणून आहेत, सोन्यासारखा माणूस. मी बरोबर पेरू नेले होते. नको म्हणाले, पण मी टेबलावर ठेवलेच. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तीन पुरी केलेली कामं आणि त्यांच्या मालकांचे दाखले. मामलेदाराचा ऐपतीचा दाखला, नाहीतर जमीनवाला जामीन. आणि तिसरं म्हणजे कामाची माहिती. डिप्लोमावाला माणूस पदरी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर अर्जदाराने किंवा त्याच्या भागीदाराने साहेबांसमोर विटा लावून दाखवायच्या.

आबाजींनी विचारलं, भागीदार कोणी आहे का, कसबी आहे का. मी म्हणालो, आहे एक. मग म्हणाले, दोघांची नावं घाला, थर्ड क्लास मागा, दिवाळीपर्यंत हातात पडेल.

मन मोठं आहे त्यांचं. पण क्लार्कच. नजर थर्ड क्लासपर्यंतच पोचते.

२० एप्रिल
विचार केला. सेकंड क्लासच्या अर्जावर गेनबाचं नाव कसं दिसेल? डोक्याला पागोटं, सहीच्या जागी अंगठा. साहेबांना तो व्हय म्हणणार. क्लास तिथेच गेला.

आणि खरं तर त्याच्याच भल्याचं पाहिलं पाहिजे. रजिस्टर झालं की सरकारी नोटिसा येणार. भिंत खचली तर चौकशी. गेनबासारख्या सरळ माणसाला हे झेपायचं नाही. तो भार मी एकट्याने उचलावा हेच योग्य. अर्ज माझ्या एकट्याच्या नावाने लिहिला.

गेनबाने कागद पाहायला मागितला नाही. एवढा विश्वास असल्यावर दाखवायची गरज काय.

२१ एप्रिल
हिने जेवताना विचारलं, गेनबा भावजींचं नाव घातलंत ना. मी सांगितलं, कौशल्या, तुला यातलं कळत नाही. ती म्हणाली की यातलं तिने विचारलंच नाही, नाव घातलं का एवढंच विचारलं. बायकांना व्यवहार समजत नाही. आमटी खारट होती.

तंबाखू सोडली होती. आज चिमूटभर.

८ मे
ऐपतीचा दाखला. बार्शीची जमीन चुलत्यांनी आपल्या नावावर करून घेतलेली आहे. रक्ताचे लोक असे असतात. इथे पिंपरीला स्टेशनजवळ भाड्याच्या दोन खोल्या. मामलेदार कचेरीतला कारकून माझ्याकडे पाहून म्हणाला, मग ऐपत कशाची लिहू. बोलण्याची पद्धत नाही.

शेवटी गेनबा जामीन राहिला. इंद्रायणीकाठी त्याचं रान आहे, चांगलं काळं. त्या दिवशीचं काम बुडवून आला, उन्हात माझ्याबरोबर कचेऱ्या फिरला, अंगठा दिला. परत येताना मला उसाचा रस पाजला. म्हणाला की आपलं दोघांचं एकदा नाव लागू दे, मग मोशीला शाळेच्या खोल्या आपणच बांधू, गावाला किती दिवस हव्या आहेत. पोरं देवळात बसतात, पावसाळ्यात सगळी एका कोपऱ्यात.

त्याचा आनंद मी मोडला नाही. मला माणसांचं मन दुखवता येत नाही.

२ जून
नानासाहेबांनी दाखला दिला. वाचून धक्का बसला. ‘या इसमाने आमच्याकडे मुकादम म्हणून समाधानकारक काम केले. मजूर गोळा करण्यात हुशार.’

मुकादम. इतकी वर्षं त्यांच्या साइटवर माझा आवाज सगळ्यांत मोठा, आणि हे. मी म्हणालो, कॉन्ट्रॅक्टर लिहा. ते म्हणाले, खोटं कसं लिहू. मोठी माणसं आपल्या शेजारी दुसरं मोठं माणूस सहन करत नाहीत. आज कळलं.

निश्चय: नानासाहेबांशी कामापुरतंच बोलायचं.

३ जून
नानासाहेबांनी चहा पाजला. बोललो. चहा नाकारणं बरं दिसत नाही.

१७ जून
दाखल्यांचं काम फत्ते. गेनबाने आसपास पुष्कळ बांधलंय. तळवड्याला पाटलांची विहीर, चाकणच्या रस्त्याला एक धर्मशाळा, भोसरीला एकाचं माडीचं घर. आम्ही दोघे सायकलवर फिरलो. मजकूर मी तयारच नेला होता: ‘सदर काम उद्धवराव शिनगारे यांच्या देखरेखीखाली झाले.’

तळवड्याचे पाटील अडले. म्हणाले, हा शिनगारे कोण, विहिरीला मी याला कधी पाहिलं नाही, विहीर गेनबाने बांधली. मी समजावत होतो की देखरेख नेहमी दिसतेच असं नाही. पाटील ऐकेनात. मग गेनबा मध्ये पडला.

‘लिवा पाटील. आमी दोगं एकच हाय.’

पाटलांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि सही केली.

गेनबा आता बोलायला शिकला. माझीच तालीम.

१० जुलै
पेंटरकडून बोर्ड करून घेतला. ‘यू. बी. शिनगारे, रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर, सेकंड क्लास.’ अजून व्हायचं आहे हे खरं, पण पावसाळ्यात पेंटर स्वस्तात करतो. हिने तो पलंगाखाली ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून.

गेनबाने विचारलं, बोर्डावर काय लिवलंय. मी वाचून दाखवलं, ‘शिनगारे आणि मंडळी’. मंडळी म्हणजे कोण, म्हणाला. मी म्हणालो, तूच की. बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत होता. रंग ओला असता तर पुसला असता.

इंग्रजी: मेझरमेंट, एस्टिमेट, प्लिंथ. तीनच झाले. दोन उद्या.

५ ऑगस्ट
पत्र आलं. एकोणीस तारखेला इंटरव्ह्यू आणि प्रॅक्टिकल. गेनबाला बरोबर न्यायचं. प्रॅक्टिकल तो करील, इंटरव्ह्यू मी देईन. जसं आमचं कायम चालतं तसं.

शेजारच्या रेल्वेतल्या गार्डाचा काळा कोट मागितला आहे. खांद्यात थोडा सैल. पण भारदस्त.

१९ ऑगस्ट
नीट लिहून ठेवतो, कारण पुढे लोक यातलं काहीबाही सांगतील.

सकाळच्या गाडीने गेलो. गेनबा स्टेशनवर आधीच येऊन उभा. धुतलेलं धोतर, नवं तांबडं पागोटं. पिशवीत त्याची थापी, ओळंबा, दोरी. सगुणाबाईने गूळपोळी बांधून दिली होती, दोघांपुरती.

साहेब तरुण निघाले. नम्र. खुर्ची दिली. गेनबा दाराशी बाकावर बसला. साहेबांनी दाखले वाचले, विहिरीचं विचारलं. पाया किती खोल, पाणी कसं उपसलं. मी म्हणालो, पुरेसा खोल, आणि पाणी नेहमीप्रमाणे. ते गालात हसले. चांगलं लक्षण वाटलं.

मग त्यांनी बाकाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘हे तुमचे भागीदार का?’

आता इथे डोकं ताळ्यावर ठेवणं महत्त्वाचं होतं. हो म्हणावं तर अर्जात नाव नाही, अर्ज खोटा ठरतो. शिवाय साहेबांच्या टेबलावर इंग्रजी पेपर होता, हिरव्या शाईचं पेन होतं. माझ्या अंगात कोट होता. अशा वेळी माणूस पुढचा विचार करतो.

मी म्हणालो, ‘नाही साहेब. हा आमच्याकडे कामाला असतो.’

गेनबा काही बोलला नाही. त्याला डाव कळला असणार. समजूतदार आहे.

साहेब म्हणाले, मग प्रॅक्टिकल तुम्हालाच द्यावं लागेल, कामावरचा माणूस चालत नाही, अर्जदार किंवा भागीदार. हा नियम मला आबाजींनी पुरेशा जोराने सांगितला नव्हता.

कचेरीमागच्या अंगणात विटा, माल, पाणी ठेवलेलं. गुडघ्याएवढा कोपरा बांधायचा. मी कोट काढला नाही. थापी गेनबाचीच घेतली. त्याने पिशवीतून काढून दिली, मुठीकडून.

भिंत मी बांधली. उभी राहिली हे लक्षात घ्यावं. साहेबांनी ओळंबा सोडला. दोरी वरच्या विटेला टेकली आणि खाली चांगली लांब राहिली. पण त्या दिवशी वारा होता. ओळंबा हलत होता. हे मी साहेबांच्या नजरेस आणून दिलं. त्यांनी ओळंबा हाताने थांबवला आणि पुन्हा पाहिलं. काटकोन पाहायला आतून गुण्या लावला. मग वहीत लिहिलं.

गेनबा लिंबाच्या झाडाकडे बघत होता.

परत येताना गाडीत गर्दी. तो दुसऱ्या डब्यात चढला. गूळपोळी माझ्याकडेच राहिली. भूक लागली होती.

२० ऑगस्ट
गेनबा कामावर आला नाही. उन्हाने आजारी पडला असावा.

२३ ऑगस्ट
आला नाही. निरोप पाठवला. उत्तर आलं की बरा आहे.

बरा आहे तर येत का नाही? आता साइटवर नवे गवंडी घ्यावे लागले. ते मला विचारतात, कोपरा असाच सोडू का. मी म्हणतो, तुम्हाला योग्य वाटेल तसा. नानासाहेब दोनदा येऊन पाहून गेले.

१२ सप्टेंबर
कचेरीचं उत्तर. ‘अर्ज नामंजूर. अर्जदारास प्रत्यक्ष कामाची पुरेशी माहिती दिसून येत नाही. कसबी भागीदार घेतल्यास थर्ड क्लाससाठी पुन्हा अर्ज करता येईल.’

वाचून बसलोच. कारणं उघड आहेत. एक, विटा ओल्या केलेल्या नव्हत्या. माल पातळ होता. साहेबांचं वय कमी. नानासाहेबांनी मागून सांगितलं असणार. आबाजींना पेरू कमी पडले की काय. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे ऐन वेळी माझा माणूस बाकावर नुसता बसून राहिला. एक शब्द बोलला असता, मी भागीदार आहे असं म्हणाला असता, तर साहेबांनी ऐकलं असतं. मी नाही म्हणालो तरी त्याने म्हणायला काय हरकत होती?

लढाईपासूनची सोबत, आणि माणूस नको तेव्हा गप्प बसतो.

हिला हे सांगितलं. ती ताट उचलून आत गेली. माझं जेवण अजून व्हायचं होतं.

३० सप्टेंबर
ऐकलं ते खोटं असो. भोसरीचा सायकलवाला म्हणाला, गेनबा पुण्याच्या कचेरीत दिसला. मोशीचा शाळामास्तर बरोबर होता.

गेनबा. कचेरीत. माझ्याशिवाय.

तिथे दार कुठल्या बाजूला आहे हेही त्याला मी दाखवलेलं. आबाजींशी त्याची ओळख मी करून दिलेली. या देशात कोणाचं भलं करू नये.

४ ऑक्टोबर
मुद्दाम पुण्याला जाऊन आबाजींना गाठलं. खरं निघालं. गेनबाने थर्ड क्लासचा अर्ज केला. मी विचारलं, तळवड्याचा दाखला तर माझ्या नावाचा आहे. आबाजी म्हणाले, पाटलांनी दुसरा दिला, न मागता, स्वतः घेऊन आले. प्रॅक्टिकल झालं का म्हणून विचारलं. झालं म्हणाले. साहेब काय म्हणाले ते मी विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं. साहेबांनी गेनबाचा कोपरा पाडू दिला नाही, नव्या उमेदवारांना दाखवायला तसाच ठेवलाय.

मी तो पाहायला अंगणात गेलो नाही. बस चुकली असती.

विश्वासघात. हा शब्द आज पहिल्यांदा वहीत लिहिला. याआधी लिहायची वेळ कोणी आणली नव्हती. चुलत्यांनी आणली होती, नानासाहेबांनी आणली होती, पण ते परके. गेनबा घरचा.

तंबाखू पुन्हा सुरू. याला तोच जबाबदार.

२७ ऑक्टोबर
दसरा झाला. दरवर्षी गेनबा आपली हत्यारं माझ्याकडे आणायचा, आम्ही दोघांची एकत्र पुजायचो, मग जेवायला बसायचो. मी काल दुपारपर्यंत पूजा थांबवली. त्याच्यासाठी नव्हे. मुहूर्त पाहत होतो.

पुजायला माझ्याकडे एक मोजायची टेप निघाली, नानासाहेबांच्या साइटवरची. हळदकुंकू वाहिलं. पाटावर ती फारच एकटी दिसत होती म्हणून शेजारी अडकित्ता ठेवला.

हिने पोळ्या जास्त केल्या होत्या. संध्याकाळी शेजाऱ्यांत वाटल्या. मला म्हणाली की तुम्ही जाऊन या एकदा मोशीला. मी म्हणालो, ज्याने घात केला त्याने यावं. ती म्हणाली, तेच म्हणते मी.

तिच्या बोलण्याचा अर्थ उद्या शोधीन. आज कंटाळा.

२० नोव्हेंबर
नानासाहेबांनी पुण्याहून भाच्याला आणलं, मुकादम म्हणून. मला म्हणाले की तुमच्या जोडीला काम देत होतो, जोडी मोडली. आता तुमच्या एकट्याचं मी काय करू.

आणखी एक घात. हे वर्षच तसलं.

मात्र यातून मला मोकळीक मिळाली. आता पूर्ण वेळ स्वतंत्र धंद्याचा विचार करता येईल.

२७ नोव्हेंबर
विचार पुरा झाला. कचेरीने ‘कसबी भागीदार’ लिहिलंय. गेनबाला थर्ड क्लास मिळायचा आहे, पण त्याला पत्रव्यवहार कोण करून देणार? मास्तर किती दिवस पुरेल? त्याला माझी गरज आहे, पण भिडस्त आहे, यायला लाजत असेल. आपणच मोठेपणा दाखवावा. झालं गेलं विसरून त्याला भागीदार करून घ्यायचं. नाव ‘शिनगारे आणि गेनबा’. एवढं मोठं मन कोण दाखवतो.

उद्या मोशी.

२८ नोव्हेंबर
सायकल पंक्चर. भोसरीपासून ती ढकलत पायी.

गेनबा रानात होता. मला पाहून बांधावर आला, पागोट्याच्या शेवाने दगड झाडून बसायला जागा दिली. सगुणाबाईने पाणी आणलं. तिने काही विचारलं नाही. एरवी हिची, घरची, सगळ्यांची चौकशी करायची.

मी सगळं मांडलं. चांगलं बोललो, मला स्वतःलाच भरून आलं. तू माझ्या पाठीमागे अर्ज केलास तरी माझ्या मनात काही नाही, म्हणालो. भागीदारी देतो, म्हणालो. निम्मी.

तो खाली ढेकूळ फोडत ऐकत होता. मग बोलला. त्याचे शब्द तसेच लिहितो, म्हणजे पुढे वाद नको.

‘साहेबानं इचारलं तवा मला वाटलं, आता तुमी व्हय म्हनाल. मी उठून उभा राह्यलो हुतो, उद्धवराव. पागुटं सारकं केलं हुतं. तुमची पाट हुती माज्याकडं, तुमाला दिसलं न्हाई.’

मी म्हणालो, अर्जात नाव नव्हतं, माझा नाइलाज होता. तो म्हणाला की ते त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशीच कळलं. मी म्हणालो, तुझ्याच भल्यासाठी. त्याने दुसरं ढेकूळ घेतलं.

मग मी जामिनाचं विचारलं. तो काढून घेणार का? म्हणाला की अंगठा दिलाय तो दिलाय. पुन्हा अर्ज करायचा असेल तर करा, जामीन मी हाय. भागीदारी मात्र नको.

जामीन हाय आणि भागीदारी नको, हे कसलं वागणं? माणसाने एक तर वैर धरावं नाहीतर मैत्री. अशाने समोरच्याला रागावताही येत नाही.

निघताना त्याने सायकलचं पंक्चर काढून दिलं. रबराचा तुकडा, सोल्युशन, सगळं घरात होतं. मी उभा होतो. हवाही त्यानेच भरली.

१५ डिसेंबर
गेनबाचं नाव लागलं. थर्ड क्लास. मोशीच्या शाळेच्या दोन खोल्यांचं कामही त्यालाच मिळालं. आबाजींनी रस्त्यात थांबवून सांगितलं, जणू मला आनंद होईल.

थर्ड क्लासला एवढं काही नसतं.

२ जानेवारी १९५६
नवं वर्ष. निश्चय: वैऱ्यांना विसरणे. इंग्रजी पुन्हा पहिल्या शब्दापासून. औषधाच्या कारखान्याच्या क्वार्टर्सवर एकाला देखरेखीला माणूस हवा आहे, असं ऐकतो. जाऊन आलो. त्याने विचारलं, थापी चालते का. मी म्हणालो, चालवून घेतो. म्हणाला, कळवतो.

हिने शेजारच्या बायकांच्या चोळ्या शिवायला घेतल्यात. मी नको म्हणालो. आता दुपारी घरात मशीनचा आवाज असतो, विचार करता येत नाही.

१९ जानेवारी
कळवलं नाही. रोज स्टेशनपर्यंत चक्कर मारतो, ओळखीचं कोणी भेटलं तर. संबंध ठेवावे लागतात.

गेनबाबद्दल मी आता काही लिहिणार नाही.

२२ जानेवारी
आज गेनबा घरी आला.

खिडकीतून मला लांबून दिसला. मी पटकन आत जाऊन सदरा बदलला, खुर्ची दाराकडे वळवून बसलो. कळलंच होतं, एक दिवस येणार. काय बोलायचं ते केव्हाचं तयार होतं. आधी जरा कडक, मग मवाळ. तो पाया पडायला वाकला तर अर्ध्यातच धरायचा, असंही ठरवलं होतं.

तो दारात आला, मला राम राम केला आणि म्हणाला, ‘वैनी हायत का?’

ही हात पुसत बाहेर आली. तिला बघून त्याचा चेहरा पूर्वीसारखा झाला. तिला सांगत होता की येत्या गुरुवारी शाळेच्या पायाची पूजा आहे. गावातल्या कोणाच्या तरी हस्ते करा म्हणत होते, पण सगुणाचं म्हणणं, वैनीनं नारळ वाढवावा. इतकी वर्षं त्याचा साइटवरचा डबा वैनीच्या हातचा, म्हणाला. ही नको नको म्हणत होती आणि डोळे पुसत होती. तिला बैलगाडी पाठवतो म्हणाला. सगुणाने लुगडं घेतलंय, ते पूजेला नेसायला म्हणून आधी पाठवतो म्हणाला.

मी खुर्चीत होतो. दोनदा खाकरलो.

चहा घेतला त्याने. बशीत ओतून, उभ्यानेच. मग पायताण घालताना त्याला माझी आठवण झाली. दारातून मागे वळला.

‘तुमीबी या उद्धवराव. सवड आसली तर.’

मी म्हणालो, बघतो. गुरुवारी जरा गडबड आहे. दोनतीन ठिकाणी बोलणी चालली आहेत, एक माणूस पुण्याहून भेटायला यायचा आहे, नक्की सांगता येत नाही. तो म्हणाला, बरं. आणि गेला.

२२ जानेवारी, संध्याकाळी
सवड आहे.